नमुने तयार करणाऱ्या साहेबांना आणि मॅडमना: फोटोच्या जागेसाठी अर्धा तास द्या

प्रति,
अहवालांचे, प्रस्तावांचे आणि माहितीचे नमुने ज्यांच्या टेबलावर तयार होतात असे सर्व अधिकारी, विस्तार अधिकारी, विषयतज्ज्ञ, लिपिक आणि संगणक चालक

विषय: वर्डच्या नमुन्यात फोटोंसाठी ठेवलेल्या जागेबाबत विनंती

महोदय, महोदया,

तालुक्याच्या गावी पंचायत समितीच्या समोर माझे टंकलेखनाचे आणि झेरॉक्सचे दुकान आहे. दोन संगणक, एक रंगीत प्रिंटर, एक जुना लेझर आणि दारात एक बाकडे. त्या बाकड्यावर १७ वर्षांत शिक्षक बसले, ग्रामसेवक बसले, अंगणवाडीच्या ताई बसल्या, घरकुलाचे लाभार्थी बसले आणि बांधकामाचे छोटे ठेकेदारही बसले. प्रत्येकाच्या हातात मोबाइल, मोबाइलमध्ये फोटो, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर वरून आलेला एक ‘फॉरमॅट’. तुम्ही तयार केलेले नमुने शेवटी माझ्यासारख्यांच्या हाताखालून जातात. म्हणून हे पत्र मी उघडपणे लिहिते आहे. एकेका कार्यालयाला सांगून झाले. ऐकून घेतात, पण पुढचा नमुना पुन्हा तसाच येतो.

या फेब्रुवारीतली गोष्ट. २७ तारखेला मराठी भाषा गौरव दिन झाला आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत अहवाल द्यायचा होता. बारा-तेरा किलोमीटरवरच्या दोनशिक्षकी शाळेतल्या एक बाई साडेतीनला आल्या. पावणेसहाची एसटी त्यांची शेवटची. नमुना दोन पानांचा होता. पहिल्या पानावर शाळेची माहिती आणि ‘कार्यक्रमाचे स्वरूप’, दुसऱ्या पानावर ‘फोटो १’ ते ‘फोटो ४’ अशा चार चौकटी. दिसायला छान. बाईंनी मजकूर सांगितला, मी टाइप केला. नमुन्यात तीन ओळींची जागा होती, मजकूर अकरा ओळींचा झाला. मुलांनी कविता म्हटल्या, ग्रंथदिंडी काढली, गावातल्या दोन आज्यांनी ओव्या म्हणून दाखवल्या. हे तीन ओळींत कसे मावणार? अकरावी ओळ संपेपर्यंत फोटो ३ ची चौकट मुख्याध्यापकांच्या सहीच्या जागेवर येऊन बसली होती आणि फोटो ४ ची चौकट तिसऱ्या पानावर एकटीच पडली होती.

मी चौकट ओढून जागेवर आणली की दुसरी सरकायची. ती लावली की तक्ता खाली उडायचा. बाई माझ्या खांद्यामागून बघत होत्या. थोड्या वेळाने हळूच म्हणाल्या, ‘‘ताई, मघाशी माउस माझ्या हातात होता, मी काही चुकीचं दाबलं का हो?’’

त्यांनी काहीही चुकीचे दाबले नव्हते. मलाही हे सगळे आता कळते, सुरुवातीला कळत नव्हते. २००६ साली संगणकाच्या वर्गात मी ‘इन्सर्ट, पिक्चर’ शिकले, फोटो पानावर आला आणि सरांनी पुढचा धडा घेतला. फोटो कशाला धरून पानावर राहतो, हे कोणी सांगितले नाही. माझी खात्री आहे की तुमच्यापैकी बहुतेकांनाही ते कोणी सांगितलेले नाही. म्हणून ते इथे नीट सांगते.

वर्डमध्ये फोटो दोन तऱ्हांनी राहतो. एक तऱ्हा ‘इन लाइन विथ टेक्स्ट’. यात फोटो म्हणजे ओळीतले एक मोठे अक्षर. आधीचा मजकूर वाढला की तो शिस्तीत खाली जातो, कमी झाला की वर येतो. कोणाच्या अंगावर जात नाही. दुसरी तऱ्हा तरंगत्या फोटोची: स्क्वेअर, टाइट, बिहाइंड टेक्स्ट, इन फ्रंट ऑफ टेक्स्ट वगैरे. हा फोटो माउसने कुठेही ओढता येतो, म्हणून नमुना करणाऱ्याला तो सोयीचा वाटतो. पण तो मोकळा नसतो. तो कुठल्या तरी एका परिच्छेदाला बांधलेला असतो. फोटोवर क्लिक केले की समासात जहाजाच्या नांगराचे छोटे चिन्ह दिसते, ती त्याची दावण. तो परिच्छेद खाली गेला की फोटो त्याच्यामागे जातो. परिच्छेद पुढच्या पानावर गेला की फोटोही पुढच्या पानावर. आणि कोणी तो परिच्छेदच पुसला तर त्याच्याबरोबर फोटोही पुसला जातो.

बाईंच्या नमुन्यातल्या चार चौकटी ‘शेप्स’मधून काढलेल्या टेक्स्ट बॉक्स होत्या आणि चारही चौकटी वेगवेगळ्या परिच्छेदांना बांधलेल्या होत्या. एक तर नुसत्या रिकाम्या ओळीला. नमुना करणाऱ्याच्या संगणकावर तो नमुना देखणाच दिसला असणार, कारण त्यात अजून कोणी काही लिहिले नव्हते. कोरा नमुना सरळच दिसतो. लोक त्यात लिहू लागले की त्याची परीक्षा सुरू होते.

शेवटी मी त्या चारही चौकटी काढून टाकल्या, दोन रकान्यांचा साधा तक्ता घातला आणि त्यात फोटो बसवले. सात मिनिटे लागली. त्याआधीची पन्नास मिनिटे वाया गेली होती. अहवाल गेला. बाईंची एसटी चुकली. त्यांचे यजमान रात्री मोटारसायकलवर न्यायला आले तेव्हा मी दुकान बंद करत होते. बाई तोवर बाकड्यावरच बसून होत्या. वर्गातल्या वह्या तपासायला बरोबर आणल्या होत्या, त्या तपासत होत्या. हे पत्र लिहायचे मी त्या संध्याकाळी ठरवले.

आता दुसरी गोष्ट. मला वाटते ही आपल्या मराठी नमुन्यांची खास अडचण आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आपले बरेच नमुने मंगल फॉन्टमध्ये असतात. मंगलची ओळ उंच असते. वेलांटी, रफार वर, उकार आणि जोडाक्षरे खाली, या सगळ्यांना जागा मिळावी म्हणून त्याच्या दोन ओळींतले अंतर मोकळे ठेवलेले आहे. इंग्रजीचा जो मजकूर एका पानात बसतो तोच मंगलमध्ये सव्वा-दीड पान खातो. मग नमुना करणारा काय करतो? ‘एका पानात बसवा’ असे वरून सांगितलेले असते. तो सगळा मजकूर निवडतो, परिच्छेदाच्या खिडकीत ‘लाइन स्पेसिंग’ला ‘एक्झॅक्टली’ करतो आणि १६ किंवा १८ पॉइंट लिहितो. मजकूर आवळला जातो, पान सुटते, काम झाले असे वाटते.

पण ‘एक्झॅक्टली’ म्हणजे वर्डला दिलेला हुकूम आहे की या ओळीची उंची १८ पॉइंटच, काही झाले तरी वाढवायची नाही. तिथे आता शिक्षक फोटो घालतो. फोटो ओळीतले अक्षर म्हणून येतो, ओळ वाढायला तयार नसते, आणि फोटोची फक्त खालची एक पट्टी दिसते. वृक्षारोपणाच्या फोटोत मुलांच्या चपला आणि झाडाचे आळे तेवढे दिसते. माणसाला वाटते फोटो बिघडला, मोबाइल बिघडला, फाइल करप्ट झाली. तो पुन्हा फोटो घालतो. पुन्हा पट्टी. मग कोणीतरी सांगते की फोटोला ‘इन फ्रंट ऑफ टेक्स्ट’ करा. तसे केले की फोटो पूर्ण दिसतो खरा, पण आता तो तरंगता झाला, आणि वर सांगितलेली सगळी कहाणी सुरू.

याला उपाय एका बोटाचा आहे. फोटो ओळीतच राहू द्यायचा, त्याच्यावर क्लिक करून कंट्रोल आणि १ दाबायचे. त्या परिच्छेदाचे अंतर ‘सिंगल’ होते आणि फोटो पूर्ण उघडतो. माझ्या दुकानात मी हे आलेल्या प्रत्येकाला दाखवते. पण तुम्ही नमुना करतानाच फोटोच्या जागेचे अंतर सिंगल ठेवले तर कोणाला दाखवायची वेळच येणार नाही. मजकूर आवळायचा असेल तर मजकुराचाच आवळा, फोटोची जागा सोडून.

मग फोटोची जागा कशी करावी? मी जी करते ती सांगते. यात माझे काही मोठे शोध नाहीत, पण रोज वापरून पारखलेली आहे.

आधी पान ए-फोर आहे का ते बघा. हे सांगावे लागते, कारण कित्येक नमुने अजून ‘लेटर’ आकाराच्या पानावर येतात. लेटर म्हणजे २१.५९ बाय २७.९४ सेंटिमीटर, अमेरिकेतला कागद. आपल्या प्रिंटरमध्ये ए-फोर असतो, २१ बाय २९.७. लेटरवर कडेला टेकवून काढलेली चौकट ए-फोरवर आणली की उजवीकडे अर्धा सेंटिमीटर समासात घुसते, आणि पान अख्खे लहान करून छापले तर खाली पांढरा पट्टा राहतो.

ए-फोरवर दोन्ही बाजूंचा समास एकेक इंच ठेवला तर मजकुरासाठी सुमारे १५.९ सेंटिमीटर रुंदी उरते. त्यात दोन रकान्यांचा तक्ता घातला की प्रत्येक रकान्यात साडेसात सेंटिमीटरचा फोटो आरामात बसतो. मोबाइल आडवा धरून काढलेला नेहमीचा चारास तीनचा फोटो साडेसात रुंद केला की ५.६ सेंटिमीटर उंच होतो. म्हणजे फोटोखालच्या ओळी धरून एका पानावर सहा फोटो. उभा फोटो त्याच रुंदीत १० सेंटिमीटर उंच होतो, मग एका पानावर चारच. नमुन्यात ‘फोटो आडवा घ्यावा’ एवढे तीन शब्द लिहिलेत तर शाळेत फोटो काढतानाच काम सोपे होते. कार्यक्रम संपल्यावर मोबाइल कसा धरायला हवा होता हे कळून उपयोग नसतो.

तक्ता घातला की त्याच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये जा, ‘ऑप्शन्स’मध्ये ‘ऑटोमॅटिकली रिसाइज टु फिट कंटेंट्स’ अशी खूण असते, ती काढा. ही खूण राहिली तर मोठा फोटो आला की रकाना फुगतो आणि शेजारचा चेपतो. ती काढली की रकाना हलत नाही आणि आत घातलेला फोटो त्याच्या रुंदीत मावतो. तक्त्यातल्या आडव्या रांगेच्या उंचीला ‘अ‍ॅट लीस्ट’ राहू द्या, म्हणजे ती फोटोएवढी वाढू शकते. ‘अलाऊ रो टु ब्रेक अक्रॉस पेजेस’ ही खूणही काढा. फोटोचे शीर्षक फोटोच्याच रकान्यात, त्याच्या खाली लिहायची सोय करा. आज बहुतेक नमुन्यांत शीर्षक बाहेर असते, आणि मग फोटो एका पानाच्या तळाशी, त्याची ओळ पुढच्या पानाच्या डोक्यावर. ग्रामपंचायतीच्या कामांत तर ‘कामापूर्वी’, ‘काम चालू असताना’, ‘काम पूर्ण झाल्यावर’ असे तीन फोटो लागतात. तिथे ओळ सुटली की कुठला फोटो कुठला, हे गटाराच्या तीन फोटोंवरून सांगणे सोपे नसते.

ज्यांना आणखी एक पायरी चढायची आहे त्यांच्यासाठी ‘पिक्चर कंटेंट कंट्रोल’ आहे. वर्ड २००७ पासून आहे. ‘डेव्हलपर’ नावाचा टॅब एरवी लपलेला असतो, तो ऑप्शन्समधून दिसता करावा लागतो. रकान्यात हा कंट्रोल ठेवला की तिथे फोटोचे एक चिन्ह दिसते. भरणाऱ्याने त्यावर क्लिक करायचे, फोटो निवडायची खिडकी उघडते, फोटो निवडायचा, झाले. अंगणवाडीच्या एका ताईंना मी असा नमुना करून दिला. आधी त्या प्रत्येक वेळी माझ्याकडे यायच्या, आता मुलीच्या लॅपटॉपवर घरीच भरतात. माझे तेवढे गिऱ्हाईक कमी झाले, पण त्या वाटेत भेटल्या की थांबून बोलतात. हे जुन्या ‘डॉक’ फाइलमध्ये चालत नाही, ‘डॉकएक्स’ लागते. तुमच्या कार्यालयातून आजही नमुने जुन्या डॉकमध्ये येतात. ते एकदा उघडून डॉकएक्स म्हणून सेव्ह करायला एक मिनिट पुरते.

काही कार्यालये नमुन्याला पासवर्ड लावतात. मजकुरात कोणी फेरफार करू नये हा हेतू मला समजतो. पण ‘फिलिंग इन फॉर्म्स’चे संरक्षण लावले की इन्सर्टमधले पिक्चरचे बटण करडे पडते. नमुना फोटो मागतो आणि फोटो घालू देत नाही. मग पासवर्डसाठी फोनाफोनी सुरू होते, किंवा सगळा नमुना पुन्हा टाइप होतो. मी असे कितीतरी नमुने जसेच्या तसे पुन्हा टाइप केले आहेत, आणि त्याचे पैसे घेताना मला बरे वाटलेले नाही.

आता ज्या गोष्टीची मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती सांगते.

एका योजनेच्या प्रस्तावात लाभार्थ्याचा फोटो हवा होता. तो घरासमोर उभा आहे आणि हातात आधार कार्ड धरले आहे, असा फोटो कोणीतरी काढला होता. वरून सूचना आली की आधार क्रमांक दिसता कामा नये. बरोबरच सूचना. मग भरणाऱ्याने वर्डमध्येच ‘क्रॉप’ करून फोटोचा खालचा भाग कापला. छापील पानावर कार्ड दिसत नव्हते. फाइल दोन-तीन ग्रुपवर फिरून माझ्याकडे प्रिंटला आली. फोटो किंचित वाकडा होता म्हणून मी सरळ करायला गेले, क्रॉपवर क्लिक केले, आणि कापलेला भाग करड्या छायेत पूर्ण समोर आला. बाराच्या बारा आकडे वाचता येत होते.

वर्डमध्ये क्रॉप केले म्हणजे फोटो कापला जात नाही, फक्त झाकला जातो. कापलेला भाग फाइलमध्येच राहतो. डॉकएक्स फाइल ही आतून एक झिप असते. तिचे नाव बदलून ती उघडली तर ‘मीडिया’ नावाच्या फोल्डरमध्ये सगळे फोटो सापडतात. म्हणून क्रॉप केल्यावर ‘कॉम्प्रेस पिक्चर्स’मध्ये जाऊन ‘डिलीट क्रॉप्ड एरियाज ऑफ पिक्चर्स’वर खूण करून ओके करावे लागते. किंवा त्याहून चांगले, मोबाइलमध्येच फोटो कापून मग तो नमुन्यात घ्यावा. नमुन्याच्या सूचनांत ही एक ओळ असायलाच हवी. आधारचे शेवटचे चारच आकडे दिसणारी प्रत मिळते, ती चालेल असेही तिथेच लिहा. लोक सूचना पाळतात. काय करायचे ते नेमके सांगितले तर पाळतात.

याच्याच जवळची आणखी एक चूक. वरून नमुना कोरा निघतो, पण खाली येईपर्यंत कोणीतरी आपला भरलेला अहवालच ‘फॉरमॅट’ म्हणून पुढे पाठवतो. मग दुसऱ्या शाळेच्या मुलींचे फोटो, नावांसकट, चाळीस मोबाइलमध्ये जातात. ३ जानेवारीच्या बालिका दिनाचे असे फोटो मी स्वतः दर वर्षी पुसते. नमुना ‘डॉटएक्स’ म्हणजे वर्डच्या टेम्प्लेट प्रकारात सेव्ह केला तर डबल क्लिक केल्यावर नवी, बिननावाची प्रत उघडते आणि मूळ नमुना कोराच राहतो. ज्यांच्याकडे फक्त मोबाइल आहे त्यांच्यासाठी साधी डॉकएक्स प्रतही सोबत ठेवा, पण कोरा नमुना कायम कुठे मिळेल ती एक जागा ठरवून द्या.

फाइलच्या वजनाचे थोडक्यात सांगते. ‘अहवाल दोन एमबीच्या आत पाठवा’ अशी सूचना असते आणि त्याच नमुन्यात ‘डू नॉट कॉम्प्रेस इमेजेस इन फाइल’वर खूण केलेली असते. ही खूण त्या फाइलबरोबर फिरते, म्हणजे तुमच्या संगणकावर केलेली निवड शंभर शाळांच्या माथी बसते. साडेसात सेंटिमीटरच्या फोटोला २२० पीपीआयने, म्हणजे इंचाला २२० पिक्सेल धरून, रुंदीत साधारण ६५० पिक्सेल पुरतात. मोबाइलचा फोटो ४००० पिक्सेलचा असतो. बाकीचे पिक्सेल छपाईत दिसत नाहीत, फक्त फाइल जड करतात.

जिओटॅग फोटो मागता तेव्हा एक बघा. अक्षांश, रेखांश, तारीख हे सगळे फोटोच्या तळाशी बारीक अक्षरांत छापलेले असते. फोटो पाच सेंटिमीटरचा केला की ते वाचता येत नाही, आणि चौकटीत बसवायला खालून कापला की तेच आधी जाते. जिथे जिओटॅग हवा तिथे एका ओळीत एकच फोटो, पूर्ण रुंदीचा, अशी जागा द्या. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून साधा पाठवला तर तो आक्रसतो आणि फाइलच्या पोटातली जागेची नोंदही निघून जाते. तो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, हेही सूचनेत लिहिता येईल.

माझ्याकडे एक दृष्टिहीन शिक्षक येतात. येतात ते फक्त प्रिंट काढायला. टाइप ते स्वतः करतात, एनव्हीडीए नावाचा मोफत स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचे बोलून दाखवणारा प्रोग्रॅम, वापरून. त्यांनी मला सांगितले की तक्त्यातला, ओळीतला फोटो आला की त्यांना ऐकू येते, ते तिथे थांबू शकतात. तरंगत्या चौकटी मात्र वाचताना क्रमाने भेटतच नाहीत. पान त्यांच्यासाठी तिथे कोरे असते. फाइल दिव्यांगांना वाचता येईल का ते तपासणारा वर्डचा स्वतःचा अ‍ॅक्सेसिबिलिटी चेकरही ओळीत नसलेल्या फोटोवर बोट ठेवतो. फोटोवर उजवी क्लिक करून ‘ऑल्ट टेक्स्ट’मध्ये एक वाक्य लिहिले, ‘ग्रंथदिंडीत पुढे चालणाऱ्या चौथीच्या मुली’, की त्यांना फोटो कळतो. २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा आहे म्हणून हे करा असे मी म्हणू शकते. पण मला ते सर डोळ्यांसमोर येतात. शाळेचा अहवाल तेच लिहितात आणि त्यातल्या चौकटी त्यांना सापडत नाहीत.

आणि राजमुद्रा. नमुन्याच्या डोक्यावर ती घालताना कृपा करून पूर्ण घाला. सिंहांच्या आकृतीखाली ‘सत्यमेव जयते’ हे शब्द त्या मुद्रेचाच भाग आहेत. मुद्रा ठेवलेल्या तक्त्याच्या रांगेची उंची कोणीतरी ‘एक्झॅक्टली’ करून कमी करतो आणि ती ओळ खालून कापली जाते. कोपऱ्याऐवजी बाजूची मधली खूण ओढल्याने सिंह रुंद झालेलेही मी पाहिले आहेत. अशा पानावर सही-शिक्का होऊन ते पुढे जाते. मुद्रा एकदा योग्य मापात हेडरमध्ये ठेवली की भरणाऱ्याच्या हाताला ती लागत नाही आणि हलतही नाही.

माझी मागणी मोठी नाही. नमुना ग्रुपवर टाकण्याआधी तो एकदा स्वतः भरून बघा. कोरा बघू नका. ‘कार्यक्रमाचे स्वरूप’मध्ये पंधरा ओळी लिहा. एक आडवा फोटो घाला, एक उभा, एक व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला. मग तीच फाइल दुसऱ्या संगणकावर उघडा, शक्यतो जिथे तुमचा फॉन्ट नाही अशा. फॉन्ट नसला की वर्ड दुसरा घेतो, ओळी लांब-आखूड होतात, आणि काय काय सरकते ते तिथेच दिसेल. एकदा वर्डसारख्याच मोफत लिब्रेऑफिसमध्ये उघडा, एकदा मोबाइलवर. शेवटी ए-फोरवर छापा. अर्धा तास लागेल. तुमच्या एका नमुन्यावर तालुक्यातल्या सगळ्या शाळा बसतात, त्या अर्ध्या तासाचा हिशेब तुम्ही माझ्यापेक्षा चांगला करू शकाल.

तुमच्यावर कामाचा किती बोजा असतो हे मी समोरून रोज बघते. रात्री आठला तुमच्या खिडक्यांत दिवे असतात. जिल्ह्यावरून दुपारी मेल येतो, संध्याकाळपर्यंत नमुना खाली द्यायचा असतो, जुन्या नमुन्यात तारीख बदलून तो पुढे जातो. तुमच्यापैकी कोणालाही मुद्दाम वाईट नमुना करायचा नसतो. म्हणूनच म्हणते, घाई नसताना एक चांगला फोटोचा तक्ता करून ठेवा. मग योग दिन असो, संविधान दिन असो, तोच तक्ता प्रत्येक नमुन्यात चिकटवता येईल.

मी असा एक तक्ता केलेला आहे. दोन रकाने, सहा जागा, खाली शीर्षकाची ओळ, वर चार ओळींच्या सूचना मराठीत. कोणालाही हवा असेल तर पेन ड्राइव्ह घेऊन दुकानात या. त्याचे पैसे नाहीत. समोरच्या इमारतीतून तर जिना उतरून रस्ता ओलांडला की झाले.

१५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन आहे. त्याचा नमुना सप्टेंबरच्या शेवटी निघेल. तो निघण्याआधी या.

आपली,
पंचायत समितीसमोरची टंकलेखनवाली